सरकार डळमळीत असताना विधानसभा बरखास्तीची शिफारस: ही खेळी मुख्यमंत्र्यांच्या हातात कधीपर्यंत असते?

करवीरकाठ (प्रश्न):

कोल्हापुरातल्या आमच्या वाचनगटाचा पुढच्या बैठकीचा विषय आहे राजकीय पेच आणि मुदतपूर्व निवडणूक. पुस्तकात एवढंच सापडतं की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल विधानसभा विसर्जित करतात. प्रत्यक्षातली गुंतागुंत त्यातून कळत नाही.

आमदार फुटायला लागल्यावर मुख्यमंत्री "चला, जनतेत जाऊ" म्हणून बरखास्तीची शिफारस करू शकतात का? केली तर निवडणुकीची तारीख कोण ठरवतं? विरोधी पक्षाने अशा वेळी निवडणुकीची मागणी करावी, की पर्यायी सरकारचा दावा ठोकावा? आणि आपल्या जिल्ह्यातल्या दहा मतदारसंघांत अचानक निवडणूक लागली तर पक्षांची नेमकी कुठं फजिती होते? कलमं, तारखा, मुदती अशा ठोस स्वरूपात कुणी लिहिलं तर फार बरं होईल. कोणता पक्ष चांगला आणि कोणता वाईट, हा वाद इथं नको.

बिंदूचौक:

सगळ्याचं मूळ एकाच गोष्टीत आहे. बहुमत गेल्याचा कागद राजभवनावर पोचत नाही तोवरच बरखास्तीचं पान मुख्यमंत्र्यांच्या हातात असतं. तो कागद पोचला की शिफारस करता येते, पण ती मानण्याचं बंधन राज्यपालांवर उरत नाही.

अधिकार येतो कलम १७४ (२) (ख) मधून. विसर्जन राज्यपाल करतात, पण कलम १६३ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. २०१६ च्या नबाम रेबिया निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की कलम १७४ खाली राज्यपालांना मनमानी करता येत नाही. बहुमत असलेल्या मंत्रिमंडळाने ठराव केला की सर्वसाधारणपणे विषय संपतो. तेलंगणात ६ सप्टेंबर २०१८ ला दुपारी मंत्रिमंडळाचा ठराव झाला, त्याच दिवशी राज्यपालांनी तो स्वीकारला आणि काळजीवाहू म्हणून काम बघायला सांगितलं. सभागृहाची मुदत जून २०१९ पर्यंत होती, सरकारला धोका काही नव्हता, त्यामुळे अडवायला कारणच नव्हतं.

पेच असतो तेव्हा चित्र पालटतं. केंद्र-राज्य संबंधांवर नेमलेल्या सरकारिया आयोगाने १९८८ मध्येच सांगून ठेवलंय की बहुमत गमावलेल्या मंत्रिमंडळाचा विसर्जनाचा सल्ला राज्यपालांवर बंधनकारक नाही, त्यांनी आधी पर्यायी सरकार बसतं का ते बघावं. क्रमही दिलाय. निवडणुकीआधीची युती पहिली, मग पाठिंब्याची पत्रं जोडणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतर जुळलेली आणि सगळे घटक सरकारात असलेली आघाडी, आणि शेवटी बाहेरून पाठिंबा असलेली आघाडी. यातलं काहीच जुळलं नाही तरच विसर्जन. बहुमत आहे की नाही याची परीक्षा सभागृहात, राजभवनाच्या दिवाणखान्यात नाही, हे १९९४ च्या बोम्मई निकालाने पक्कं केलं.

आता यात ठेच कुठं लागते ते सांगतो. पहिली ठेच ठरावाची. सल्ला मंत्रिमंडळाचा लागतो, एकट्या मुख्यमंत्र्यांचा नाही. आघाडी सरकारात मित्रपक्षाचे मंत्री बैठकीलाच आले नाहीत, किंवा फुटलेल्यांत चार-सहा मंत्रीच असले, तर ठराव कागदावर होईल पण राज्यपाल लगेच विचारणार, "मंत्रिमंडळ नेमकं कुणाबरोबर आहे?" म्हणून खेळी करायचीच असेल तर घटकपक्षांच्या प्रमुखांची संमती आदल्या रात्री हवी, बैठक सकाळी आणि पत्र दुपारी. मध्ये रात्र गेली की आमदार गेले असं समजा.

दुसरी ठेच जास्त महागात पडते. मुख्यमंत्री आधी राजीनामा देतात आणि त्याच पत्रात विसर्जनाची शिफारस करतात. राजीनामा दिलेल्या माणसाच्या सल्ल्याला वजन किती? दिल्लीत १४ फेब्रुवारी २०१४ ला हेच झालं. मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांचा राजीनामा आणि शिफारस बरोबर गेली, पण विधानसभा विसर्जित न होता निलंबित ठेवली गेली. विसर्जन नोव्हेंबरात झालं आणि मतदान ७ फेब्रुवारी २०१५ ला. म्हणजे जवळपास वर्ष हातातून गेलं. आम आदमी पक्षाला पुढे ७० पैकी ६७ जागा मिळाल्या हे खरं, पण त्या वर्षाच्या वेळापत्रकावर त्यांचं नियंत्रण शून्य होतं.

महाराष्ट्राचं २०२२ सालचं उदाहरण याच चष्म्यातून बघा. १० जूनला राज्यसभेची निवडणूक झाली. सहाव्या जागेसाठी झुंजलेले दोन्ही उमेदवार, धनंजय महाडिक आणि संजय पवार, आपल्या कोल्हापूरचेच. तिथं आघाडीच्या बाजूने धरलेली काही मतं हलली. २० जूनला विधान परिषदेला मतदान झालं, ते गुप्त असल्याने फूट आणखी दिसली, आणि त्याच रात्री आमदार राज्याबाहेर गेले. माझ्या मते विसर्जनाचा सल्ला बंधनकारक ठरला असता असे शेवटचे दिवस १० ते २० जून हेच होते. २२ जूनला सत्ताधारी बाजूकडून विसर्जनाची भाषा जाहीरपणे झाली, पण तोवर विरोधी आकडा उघड झाला होता. पुढे २९ जूनच्या रात्री बहुमत चाचणीला सामोरं न जाता मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचा राजीनामा आला. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चाचणीचा आदेश देण्यासाठी राज्यपालांकडे पुरेसा आधार नव्हता असं म्हटलं, तरी जुनं सरकार परत आणता येत नाही असंही म्हटलं, कारण राजीनामा स्वेच्छेने दिला होता. चाचणी हरणं परवडतं, चाचणीआधी राजीनामा देऊन कायद्याची दारं बंद करणं परवडत नाही, हे प्रत्येक पक्षाच्या कायदा विभागाने लिहून ठेवावं असं आहे.

मतकक्ष:

बिंदूचौक यांनी पहिला अर्धा भाग नीट मांडलाय. मी तारखेबद्दल लिहितो, कारण सत्ताधारी सगळ्यात जास्त तिथंच फसतात. विसर्जनाचा दिवस मुख्यमंत्री निवडतात. मतदानाचा दिवस निवडणूक आयोग निवडतो.

गुजरातची विधानसभा १९ जुलै २००२ ला विसर्जित झाली. शेवटची बैठक एप्रिलच्या सुरुवातीला झाली होती, तेव्हा दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको या कलम १७४ (१) च्या आधारे ऑक्टोबरच्या आत निवडणूक हवी, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद होता. आयोगाने ऑगस्टमध्ये नकार दिला. दंगलीनंतर मतदार छावण्यांत विखुरलेत, याद्या जाग्यावर नाहीत, हे कारण. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. २८ ऑक्टोबर २००२ ला उत्तर आलं की सहा महिन्यांची अट जिवंत सभागृहाला आहे, विसर्जित सभागृहाला नाही. तारीख ठरवणं आयोगाचं काम, मात्र आयोगाने शक्य तितक्या लवकर आणि साधारण सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी. मतदान १२ डिसेंबरला झालं आणि भाजपला १८२ पैकी १२७ जागा मिळाल्या. तिथं उशिराचा फटका बसला नाही.

आंध्रात बसला. ऑक्टोबर २००३ मध्ये अलिपिरीला चंद्राबाबू नायडूंवर हल्ला झाला, सहानुभूती होती, नोव्हेंबरात विधानसभा विसर्जित केली. हिशोब दोन-तीन महिन्यांत मतदान होण्याचा होता. मतदारयाद्यांच्या दुरुस्तीत वेळ गेला आणि मतदान लोकसभेबरोबर एप्रिल २००४ मध्ये आलं. पाच महिन्यांत सहानुभूती विरली, दुष्काळ आणि शेतीचा प्रश्न पुढे आला. २९४ पैकी तेलुगू देसमला ४७, काँग्रेसला १८५. भावनेच्या लाटेवर विसर्जन करणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारायचाच: ही लाट पाच महिने टिकेल का?

कायद्यातली किमान मुदत लहान आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ३० प्रमाणे अधिसूचनेपासून सातव्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख, दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीपासून दुसऱ्या दिवशी माघार, आणि माघारीनंतर किमान चौदाव्या दिवशी किंवा पुढे मतदान. म्हणजे साधारण २४ दिवस, सुट्टी आली तर पुढे सरकतं. २०२४ मध्ये बघा, २२ ऑक्टोबरला अधिसूचना, २९ ला शेवटचा अर्ज, ३० ला छाननी, मध्ये दिवाळी आल्याने माघार थेट ४ नोव्हेंबरला आणि मतदान २० ला. पण अधिसूचनेआधीचं काम मोठं असतं. याद्यांचं पुनरीक्षण, मतदान यंत्रांची ती बनवणाऱ्या बीईएल-ईसीआयएल या सरकारी कंपन्यांच्या अभियंत्यांकडून पक्षप्रतिनिधींसमोर पहिली तपासणी, केंद्रांची पाहणी, निमलष्करी दलांची उपलब्धता. याला महिने लागतात आणि त्यासाठी आयोगाला घाई करायला लावता येत नाही.

आणखी एक, जे २०१८ पर्यंत सत्ताधाऱ्यांच्या सोयीचं होतं. पूर्वी विसर्जन आणि निवडणुकीची घोषणा यांमधल्या काळात घोषणांचा पाऊस पाडता यायचा. तेलंगणानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये आयोगाने सांगितलं की मुदतपूर्व विसर्जन झाल्याक्षणी आचारसंहिता लागू, काळजीवाहू सरकारने फक्त रोजचं काम बघायचं, नवी योजना नाही. ही सूचना राज्यातल्या काळजीवाहू सरकारला जशी लागू, तशी त्या राज्यापुरती केंद्रालाही. म्हणून विसर्जनाच्या आधी काय जाहीर करायचं ते उरकलेलं असावं लागतं. पेचात सापडलेल्या सरकारला नेमका तेवढाच वेळ नसतो.

करवीरकाठ:

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न. आचारसंहिता अचानक लागली तर आधीच मंजूर झालेल्या कामांचं काय? आमदार निधीतले रस्ते, पाणंदी वगैरे?

मतकक्ष:

मंजुरीला किंमत नाही, कामाला आहे. प्रत्यक्ष जागेवर सुरू झालेलं काम चालू राहतं. कार्यारंभ आदेश निघालाय पण खडीसुद्धा पडलेली नाही, ते काम निवडणूक संपेपर्यंत थांबतं. पूर्ण झालेल्या कामाचं बिल द्यायला मनाई नाही. नारळ फोडणं, फलक लावणं बंद.

ऊसपट्टा:

जिल्ह्याबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ या दहांपैकी शहरातले दोन आणि इचलकरंजी सोडले तर बाकी सगळीकडे निवडणुकीचं पंचांग पाऊस आणि ऊस ठरवतात. मुंबईत बसून विसर्जनाची तारीख ठरवणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही.

समजा एप्रिल-मेमध्ये पेच झाला आणि विसर्जन झालं. कागदावर जुलैत मतदान बसतं. पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये ती ओलांडली की शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातली नदीकाठची गावं हलवावी लागतात. ज्या शाळांत मतदान केंद्र, त्याच शाळांत पूरग्रस्तांची सोय. मतदान अधिकारी म्हणून जे शिक्षक आणि तलाठी लागतात, तेच पंचनाम्यावर. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी हे बघितलंय. तेव्हा मेमधलं विसर्जन म्हणजे आपल्याकडे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरचं मतदान, असंच धरून चालायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षांनी तेच शिक्षक आणि त्याच खोल्या अडतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे गाळपाचा मोसम सुरू व्हायची वेळ. जयसिंगपूरची ऊस परिषद, पहिल्या उचलीची (ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्याची) मागणी, वाहनं अडवणं, हे सगळं याच दिवसांत. साखर कारखान्याशी नातं असलेल्या उमेदवाराला, आणि इथं अनेकांचं असतं, दर ठरायच्या आत मतदान आलं तर शिरोळ-हातकणंगल्यात प्रचाराचा विषय राज्यातलं सरकार कुणी पाडलं हा राहत नाही, "उचल किती देणार" हा होतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला किमान ऊसदर) जमा करायची असते. डिसेंबर-जानेवारीत मतदान आलं तर बिलं खात्यावर पडलेली असतात किंवा थकलेली असतात, आणि त्यावरच निम्मा निकाल लागतो. पेचाची भावना शहरात टिकते, उसाच्या पट्ट्यात ती फार तर सुरुवातीच्या सभांपुरती. हे माझं स्पष्ट मत आहे.

तोडणीला बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेली कुटुंबं इथं कोपीवर (तात्पुरत्या झोपड्यांत) असतात. त्यांची नावं त्यांच्या गावच्या यादीत. म्हणजे आपल्या जिल्ह्यात मतदान घटत नाही, तिकडं घटतं. मोसमातल्या तारखेचा फटका मराठवाड्यातल्या उमेदवाराला बसतो आणि तो पक्षनेतृत्वाला थांबवायला बघतो. एकाच पक्षाच्या दोन विभागांतले आमदार मुदतपूर्व निवडणुकीला वेगवेगळ्या कारणांनी विरोध करतात ते असं.

आता कागदपत्रांची बाजू. अचानक निवडणुकीत पक्ष मतांनी हरण्याआधी कागदांनी हरतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, बाकी सगळ्यांना दहा, आणि सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार हवा. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत. अर्जाचे जास्तीत जास्त चार संच. अनामत १०,०००, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५,०००. नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र, एकही रकाना रिकामा न ठेवता. खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी. खर्चमर्यादा ४० लाख, हिशोब निकालानंतर ३० दिवसांत. गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर तो का निवडला याची कारणं निवडीपासून ४८ तासांत पक्षाने प्रसिद्ध करायची.

सगळ्यात वर एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारे पक्षाचे कागद. शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत, शाईच्या मूळ सहीने, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर. फॅक्सची किंवा शिक्क्याची सही चालत नाही. पेचाच्या काळात पक्षात दोन गट असले तर सही कुणाची अधिकृत, इथपासून तंटा. तीन वाजेपर्यंत पक्ष आधीचा बी फॉर्म रद्द करून दुसऱ्याला देऊ शकतो. तीननंतर नाही. कोल्हापूर उत्तरमध्ये २०२४ ला काय झालं ते आठवा. काँग्रेसने जाहीर केलेलं नाव बदललं, नव्या अधिकृत उमेदवाराने ४ नोव्हेंबरला माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला, आणि पक्षाचं चिन्हच यंत्रावर राहिलं नाही. शेवटी अपक्षाला पाठिंबा द्यावा लागला. ही वेळेवर झालेली निवडणूक होती. मुदतपूर्व निवडणुकीत याच्या निम्मा वेळ मिळतो.

दसरा_मैदान:

विरोधी पक्षाचा भाग राहिलाय, तो घेतो.

पहिलं म्हणजे, विरोधक गेल्या अधिवेशनापासून निवडणुका मागत असतील आणि सरकार खरंच विसर्जनाकडे निघालं, तर दोन सुरांत बोलायची वेळ येते. एकीकडे "जनतेचा कौल घ्या", दुसरीकडे राजभवनावर पर्यायी सरकारचा दावा. आपल्याकडे विरोधकांना विसर्जनावर मत द्यायचा हक्कच नाही, म्हणून दाव्याशिवाय दुसरं हत्यार नाही. ब्रिटनमध्ये ते होतं. तिथल्या २०११ च्या कायद्याने मुदतपूर्व निवडणुकीला दोन-तृतीयांश म्हणजे ४३४ मतं लागत. पंतप्रधान बोरिस जॉन्सनचा प्रस्ताव ४ सप्टेंबर, ९ सप्टेंबर आणि २८ ऑक्टोबर २०१९ असा तीनदा पडला. विरोधक निवडणुकीला नाही म्हणत नव्हते. कराराविना युरोपीय संघातून बाहेर पडण्याची ३१ ऑक्टोबरची टांगती तलवार निघेपर्यंत तारीख देणार नाही, असं म्हणत होते. मुदत ३१ जानेवारीपर्यंत वाढल्यावर दुसऱ्याच दिवशी साध्या बहुमताचं छोटं विधेयक ४३८ विरुद्ध २० ने मंजूर झालं. मग १२ डिसेंबरला जॉन्सनच्या हुजूर पक्षाने ३६५ जागा घेतल्या. विरोधकांनी हवं ते मिळवलं, पण दोन महिने "निवडणुकीला घाबरतात" ही टीका झेलली आणि आपापसांत जागांचा व्यापक समझोता केला नाही. नकार देताना मिळालेले दोन महिने समझोत्यात घालवले असते तर चित्र वेगळं असतं असं मला वाटतं. तेलंगणातही तसंच. के. चंद्रशेखर राव यांनी विसर्जनाच्या दिवशीच १०५ उमेदवार जाहीर केले, समोरची आघाडी जागावाटपात कित्येक आठवडे अडकली, आणि ११९ पैकी ८८ जागा त्यांच्याकडे गेल्या.

दावा ठोकायचा तर कसा, हे जम्मू-काश्मीरमध्ये २१ नोव्हेंबर २०१८ ला काय बिघडलं त्यावरून शिका. तिथं त्या वेळी राज्याची स्वतःची घटना होती, पण धडा सगळीकडे लागू. तीन पक्षांच्या वतीने ५६ आमदारांचा दावा फॅक्सने पाठवला गेला, सुट्टीमुळे तो राजभवनात कुणी घेतलाच नाही, दुसऱ्याही एका नेत्याने समांतर दावा केला, आणि रात्री विधानसभा विसर्जित झाली. म्हणून पत्र हातात घेऊन जायचं, पोच घ्यायची. पत्रावर नुसता आकडा नको, प्रत्येक आमदाराचं नाव, मतदारसंघ, सही. प्रत्येक पक्षाच्या गटनेत्याचं वेगळं पत्र. २८८ च्या सभागृहात १४५ लागतात, तिथं १४६ घेऊन जाऊ नये, दोन जण रात्रीत तोंड फिरवतात.

राज्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण १९९९ चं. १७ एप्रिलला केंद्रातलं वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडलं, लोकसभा विसर्जित झाली, निवडणूक सप्टेंबरवर गेली. १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली. राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं, मुदत मार्च २००० पर्यंत. काँग्रेस दुभंगलीय तोवर विधानसभाही लोकसभेबरोबर उरकू, असा हिशोब झाला आणि विधानसभा सुमारे सहा महिने आधी विसर्जित केली. कागदावर हिशोब बिनतोड. तिरंगी लढतीत शिवसेना ६९ आणि भाजप ५६, एकूण १२५. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. युती पहिली आली आणि सत्तेबाहेर गेली, कारण वेगळे लढलेले दोघे निकालानंतर एकत्र बसले आणि ऑक्टोबरात विलासराव देशमुखांचं सरकार आलं. विरोधकांतली फूट बघून निवडणूक लावणाऱ्याने ती फूट फक्त मतदानाच्या दिवसापर्यंतची आहे की निकालानंतरही टिकणारी, हे तपासायला हवं होतं. जूनमध्ये फुटलेले ऑक्टोबरात सरकारसाठी जुळू शकतात, हे पश्चिम महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणालाही सांगता आलं असतं. दोन्हीकडे तेच कारखाने, तीच जिल्हा बँक, तेच सोयरे.

बिंदूचौक:

१९९९ बद्दल थोडा मतभेद. सरकार मार्च २००० पर्यंत थांबलं असतं तर केंद्रातल्या विजयानंतरची निवडणूक मिळाली असती, हे आज म्हणणं सोपं. लोकसभेबरोबर लढल्याने प्रचाराचा खर्च आणि यंत्रणा एकदाच लागली, हाही त्यांचा हिशोब असणार. पण निकालानंतरच्या बेरजेचा मुद्दा मान्य.

एक भर. पक्षच फुटलेला असेल तर विसर्जनाने चिन्हाचा प्रश्न सुटत नाही, उलट ऐरणीवर येतो. चिन्ह आदेश १९६८ च्या परिच्छेद १५ खाली वाद गेला आणि निवडणूक तोंडावर असली तर आयोग चिन्ह गोठवतो. अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीआधी ८ ऑक्टोबर २०२२ ला धनुष्यबाण गोठला, अंतिम आदेश १७ फेब्रुवारी २०२३ ला आला. इंदिरा गांधींनी २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित केली तेव्हा त्यांचं सरकार अल्पमतात होतं, आणि काँग्रेसमधल्या फुटीच्या वादामुळे त्या निवडणुकीत बैलजोडी हे चिन्ह त्यांना वापरता आलं नाही. गाय-वासरावर लढून ३५२ जागा आल्या, पण ते एका देशव्यापी नेतृत्वाला जमलं. मतदारसंघागणिक नेता बदलणाऱ्या राज्य पातळीवरच्या पक्षाने तो आदर्श धरू नये.

आणि विसर्जनाने पक्षांतरबंदीच्या अर्जांची धार जाते, कारण ज्या सदस्यत्वावरून अपात्र करायचं ते सदस्यत्वच उरत नाही. फुटलेल्या आमदाराला शिक्षा करायची म्हणून विसर्जन करणारा त्याची सुटका करतो.

करवीरकाठ:

म्हणजे आमदारांना धाक दाखवायला विसर्जन उपयोगी, प्रत्यक्ष केल्यावर नाही?

दसरा_मैदान:

बरोबर, आणि धाकालाही मुदत आहे. पहिल्या दोन-अडीच वर्षांत आमदाराला पुन्हा निवडणूक नको असते. मागचा खर्च भरून निघालेला नसतो, पुढचं तिकीट पक्कं नसतं. तेव्हा "विसर्जन करीन" म्हटलं की कुंपणावरचे आत येतात. शेवटच्या वर्षात तो धाक चालत नाही, निवडणूक येणारच असते. फक्त धाक देताना एवढं बघावं की तो ऐकून आमदार घाबरून समोरच्या गोटात जाऊ नयेत. समोरच्यांनी "निवडणूक टाळतो, सरकार देतो" म्हटलं की त्याच भीतीचा फायदा त्यांना होतो.

मतकक्ष:

वाचनगटासाठी आणखी थोडे मुद्दे, पुस्तकात सहसा सुटणारे.

विसर्जनाबरोबर विधानसभेत प्रलंबित असलेली विधेयकं आणि विधानसभेने मंजूर करून परिषदेत अडकलेली विधेयकं कलम १९६ (५) खाली संपतात. परिषदेत मांडलेलं आणि विधानसभेने अजून न घेतलेलं विधेयक जिवंत राहतं. परिषद स्वतः विसर्जित होत नाही, पण तिच्या ७८ पैकी ३० जागा आमदार निवडतात, राज्यसभेच्याही तेच. आमदार नसतील तर त्या मुदतीत रिकाम्या होणाऱ्या जागा अडून राहतात. ज्या पक्षाचे आमदार जास्त, त्याचंच त्यात नुकसान.

पैशाचं विसरू नका. कलम २०६ खालचं लेखानुदान (पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी) विधानसभाच देते. ते न घेता फेब्रुवारी-मार्चमध्ये विसर्जन केलं तर १ एप्रिलपासून पगाराला पैसा काढणंही अडतं, मग राष्ट्रपती राजवट आणून संसदेकडून मंजुरी घ्यायची वेळ येऊ शकते. म्हणजे काळजीवाहू मुख्यमंत्रिपदही जाऊ शकतं. लेखानुदान मंजूर होण्याच्या आधी कोणत्याही पेचात विसर्जनाचा ठराव करायचा नाही.

आणि पक्षाच्या बूथ कार्यकर्त्यांसाठी: नावनोंदणीचा नमुना ६ उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत घेतात असं समजून लोक गाफील राहतात. हरकतींना सात दिवस द्यावे लागतात, म्हणून उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी भरलेलं नावच यादीत यायची खात्री. १८ पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. विसर्जनाची कुणकुण लागली की पहिल्या दिवशी सभा लावू नका, पहिल्या दिवशी यादी काढा.